वर्णनात्मक नोंदी

एप्रिलचा शेवटचा आठवडा.
दुधनेत पाणी नाही, पंख्याला वारा नाही,
आणि सव्वीस लेकरांच्या नोंदी
माझ्याकडून जायच्या राहिल्यात.
केंद्रप्रमुखांचा फोन दोनदा येऊन गेला.

नोंदी कशा लिहाव्यात याचं पुस्तक मिळतं
सेलूच्या स्टँडसमोर, चाळीस रुपयांना.
‘गटात सहकार्य करतो.’
‘परिसराविषयी आस्था बाळगते.’
‘स्वतःचे मत स्पष्टपणे मांडतो.’
मी उतरवत जातो. वर्षानुवर्षं उतरवतोय.
एकदा तर शेवंताच्या मुक्या पोरालाही
‘स्पष्टपणे मांडतो’ करून ठेवलं होतं,
आणि वरून सही आली होती : तपासले.

शेवटचा रकाना, सर्वांगीण विकास.
तिथं पुस्तकात एकच शब्द, ठळक :
अष्टपैलू.

सुमेध वाव्हळेला तो देऊन टाकला.
एकोणतीसचा पाढा उलटा म्हणतो,
शिष्यवृत्तीत जिल्ह्यात चौथा.
परवा लंगडीत बाद झाला
तर कुणाकडे बघावं हेच त्याला कळेना;
मैदानात उभा राहिला
उत्तर पाठ असलेला
आणि प्रश्नच न आलेला.

इर्फानाला भागाकार येत नाही.
पण खिचडीच्या पंगतीत ती पोरींना अशी बसवते
की भांडलेल्या दोघींच्या मधे
लोणच्याची एकच वाटी येते.
मला हे दिसायला दोन वर्षं लागली.
कोणत्या विषयाखाली लिहू?

आणि यंकट. यंकट धोत्रे.
हजेरी एकशे चार दिवस. वाचन अडखळत.
श्रावणात एकदा, फळ्याकडे पाठ करून
खाली बघत बसलेला.
काय बघायलास रे?
‘सर, तुमचा डावा बूट भाईरून झिजायलाय.
तुमी एका अंगानं चालायलात.’
वर्ग हसला. मी त्याला तासभर उभं केलं.

दिवाळीनंतर परभणीच्या डॉक्टरांनी
काळा फोटो उजेडात धरला,
म्हणाले, खुबा.
आठशे रुपये घेतले.

त्याची माय सायव्वा बाजारात जाती, पाटे, वरवंटे विकते.
दाखल्याच्या अर्जावर अंगठा द्यायला आली
तेव्हा मी उगाच म्हणालो,
बाई, पोराला सगळ्या अंगांनी घडवाय पाहिजे,
हिऱ्याला कसे आठ पैलू असतात.
हिरा तिनं कधी बघितलेला नाही.
मीही नाही.

तिनं शाईचा अंगठा पदराला पुसला.
‘हिऱ्याचं काय म्हाईत न्हाई, सर.
जातं चहूकडनं गुळगुळीत झालं
की फिरतं झकास.
पीठ तेवढं पडत न्हाई.
मग टाकी लावावी लागती,
पुन्ना खडबडीत करावं लागतं.’

कुठं कुठं लावायची टाकी?

‘ते अंगठ्याला कळतंय.’

हाच अंगठा. याच्याखाली मी नुकतंच
पेन्सिलीनं लिहिलं होतं :
निरक्षर.

रात्रीचे अकरा. लाइट गेली.
पंखा दोन वळसे घेऊन थांबला.
बायको आतून म्हणाली, झोपा आता, उद्या लिहा.
मी अंधारात वहीवरनं अंगठा फिरवला.
झालेली पानं, एकेक.
सगळी गुळगुळीत.

मोबाईलच्या उजेडात यंकटचं पान काढलं,
चाळीस रुपयांचं पुस्तक उशाखाली सारलं.
बराच वेळ काही सुचलं नाही.
मग लिहिलं :
सरांचं दुखणं सरांच्या आधी ह्याला दिसलं.
सरांनी ह्याला उभं केलं.

केंद्रप्रमुख लाल रेघ मारतील.
मारू देत.
पेन एवढं दाबलं गेलंय
की ओरखडा खालच्या पानांवर उतरलाय,
पार वाव्हळेपर्यंत.
अंगठ्याला लागतो.